नानकटाईचा पाठ : इयत्ता सहावी व सातवीसाठी समवायी उपक्रम

सन १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून समवाय हा शब्द प्राथमिक शिक्षकांच्या परिचयाचा झाला. पुढे मूलोद्योगाच्या शाळा मागे पडल्या, टकळ्या अडगळीत गेल्या. परंतु हाताने एखादी वस्तू करीत असता गणित, शास्त्र, भूगोल व इतिहास एकाच वेळी शिकविता येतात, हे तत्त्व काही जुने झालेले नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दिवस सुचविलेले आहेत. अशा एखाद्या दिवसाकरिता खानदेशातील शाळांस सोयीचा पडेल असा एक पाठ येथे दिला आहे. विषय घरगुती नानकटाईचा आहे.

हाच विषय का, असे कोणी विचारील. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटेच शेतावर जातात आणि मूल कपभर चहा व चार बिस्किटे एवढ्यावर शाळेत येते, ही गोष्ट जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील शिक्षक प्रत्यही पाहतात. दहा वाजता ते मूल पेंगू लागते. शिक्षक त्यास आळशी समजतो. वस्तुतः ते भुकेलेले असते. बिस्किटात काय असते आणि काय नसते हे मुलांना उपदेशाने कळणार नाही. स्वतःच्या हाताने साखर व तूप तोलून घातल्यावर मात्र ते कळते आणि लक्षातही राहते. एक सावधगिरी येथेच सांगितलेली बरी. ‘सकाळी कोण काय खाऊन आले?’ हा प्रश्न भर वर्गात कधीही विचारू नये. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला उत्तर देणे भाग पडते आणि पाठाचा सारा हेतू तेथेच वाया जातो.

पाठाची सुरुवात नकाशाने करावी. तापी नदी मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, बऱ्हाणपुरावरून जळगाव जिल्ह्यात शिरते, चांगदेवाजवळ पूर्णेला घेते आणि खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्रास मिळते. नानकटाईची परंपरा याच सुरतेची सांगतात. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डच व्यापाऱ्यांनी सुरतेस वखार घातली. त्यांच्या वस्तीसाठी पाव भाजण्याची भट्टी होती. डच निघून गेल्यावर ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, अशी हकीकत सुरतेत प्रसिद्ध आहे. पाव फुगविण्यास ताडी वापरीत, म्हणून पुष्कळ लोक तो घेईनात. तेव्हा ताडी वगळून तूप, साखर व पीठ यांची कोरडी, खुसखुशीत वस्तू भट्टीत भाजली जाऊ लागली, असे सांगतात. नावातील ‘नान’ हा फारसी शब्द आहे व त्याचा अर्थ भाकरी असा आहे. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या मार्गाने जळगावास येणारा लोहमार्ग मुलांकडून नकाशावर बोटाने काढवून घ्यावा. नदी आणि रूळ दोन्ही आपल्या जिल्ह्यास सुरतेशी जोडतात, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते.

कारखान्यातील बिस्किटाचा इतिहास त्या मानाने थोडक्यात आटोपावा. मुंबईत विलेपार्ले येथे १९२९ साली पार्ले कंपनीचा कारखाना निघाला आणि १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. तो मूळ कारखाना २०१६ साली बंद झाला. बिस्किटे मात्र अन्य ठिकाणी होतच आहेत. घरचे तूप, साखर व मैदा डब्यात घालून गावच्या भट्टीवर नेणे आणि नानकटाई भाजून आणणे हा दिवाळीपूर्वीचा रिवाज महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी होता. आज्यांना विचारून ही माहिती मुलांनी घरून आणावी. ती अहिराणीत आणली तर अहिराणीतच सांगू द्यावी. प्रमाण भाषेच्या नादात माहितीच आटते.

आता शास्त्राचा भाग. या पाठाचा गाभा तोच असल्याने त्यावर घाई करू नये. खानदेशात खापरावरचे मांडे सर्वांना ठाऊक आहेत. पुरण भरलेला गोळा हातांवर झेलीत झेलीत एवढा मोठा होतो, तरी फाटत नाही. ज्वारीच्या भाकरीचा गोळा असा झेलून पाहावा. क्षणात त्याचे तुकडे होतात. असे का? वर्गात दोन लहान गोळे करावेत, एक गव्हाच्या पिठाचा व एक दादरीच्या पिठाचा. अर्धा तास ते भिजू द्यावेत आणि मग पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने चोळून धुवावेत. दादरीचा गोळा पाण्यात सगळा विरघळून जातो. गव्हाच्या गोळ्यातील पिठूळ भाग निघून गेल्यावर हाती एक चिवट, रबरासारखा ताणणारा पदार्थ उरतो. त्यास ग्लुटेन म्हणतात. गव्हातील प्रथिने पाण्याशी एकत्र येऊन मळली गेली की त्यांचे हे जाळे तयार होते. मांडे करणारी बाई कणीक तासन्‌तास मळते व भिजविते ती हे जाळे बळकट व्हावे म्हणून.

नानकटाईत याच्या अगदी उलट हवे असते. म्हणून तिच्यात पाणी घालीत नाहीत. तूप आधी फेसून पिठाच्या कणांभोवती त्याचे आवरण बसविले की पाणी कणांपर्यंत पोहोचत नाही, जाळे बनत नाही, आणि पदार्थ दाताखाली सहज फुटतो. शंकरपाळ्याला मोहन घालतात त्याचेही कारण हेच. एकच गहू, मळला तर मांडा, तुपात गुंतविला तर नानकटाई. हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांकडून निघते का ते शिक्षकाने थांबून पाहावे. बहुधा निघते.

साहित्य मुलांनी तराजूवर तोलावे, वाटीने मोजू नये. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, तूप १२० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड. तूप घट्ट पण मऊ असावे. वितळलेले चालत नाही. वैशाखात आमच्याकडील उन्हात तूप पातळ होते, तेव्हा हा पाठ थंडीत घेणे श्रेयस्कर. तूप व साखर हाताने पांढरी व हलकी होईपर्यंत फेसावी. या फेसण्याने तुपात हवेचे बारीक बुडबुडे शिरतात व पुढे तेच फुगण्यास साहाय्य करतात. नंतर मैदा, बेसन व सोडा एकत्र चाळून त्यात घालावा आणि गोळा जमेपर्यंतच मिसळावा. मळू नये.

चार मुख्य जिनसांचे वजन ४४० ग्रॅम भरते. प्रत्येकी २० ग्रॅमचे गोळे केल्यास ते २२ होतात. एका गोळ्यात साखर किती? १२० भागिले २२, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम, तूपही तितकेच. चार नानकटाया खाल्ल्यास २२ ग्रॅम साखर पोटात जाते, आणि चहातील साखर वेगळीच. हे गणित मुलांनीच सोडवावे. त्यानंतर बाजारातील बिस्किटाचा रिकामा पुडा वर्गात आणून त्यावरील बारीक अक्षरे वाचावयास द्यावीत. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, म्हणजे जे नाव पहिले ते सर्वांत अधिक. मैदा व साखर ही नावे कोणत्या स्थानी आहेत हे मुले मोठ्या कुतूहलाने शोधतात.

भट्टीवाचून भाजण्याची रीत साधी आहे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत स्वच्छ, कोरडी वाळू दोन बोटे भरावी, तीवर तिवई ठेवावी व झाकण घालून मध्यम आचेवर १५ मिनिटे तापू द्यावी. अॅल्युमिनियमचे पातळ पातेले कोरडे तापविल्याने वाकडे होते. ते घेऊ नये. तूप लावलेल्या थाळीत गोळे किंचित दाबून, अंतर राखून मांडावे व थाळी तिवईवर ठेवावी. मंद आचेवर २० मिनिटांच्या आसपास कडा बदामी होतात. त्या वेळी नानकटाई मऊच लागते आणि मुले ‘कच्ची राहिली’ म्हणून ओरडतात. थंड झाल्यावर ती कडक होते. चुलीशी शिक्षकाने अथवा पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंनीच असावे. त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा दांडगा असतो, तेव्हा त्यांना या दिवशी पाठाच्या शिक्षिकाच मानावे. विझविलेल्या चुलीवरील वाळूही बराच वेळ पोळते, हे मुलांना आधी बजावावे. कोणास चटका बसलाच तर जागा वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावी. तूप किंवा दंतमंजन लावू नये.

थाळीत एका वेळी ८ गोळे मावतात, तर २२ गोळ्यांस किती खेपा लागतील? ३. प्रत्येक खेपेस २० मिनिटे व प्रारंभी १५, मिळून ७५ मिनिटे. दोन तासिका ३५ मिनिटांच्या असतील तर ५ मिनिटे कमी पडतात. कढई केव्हा चढवावी, हे मुलांनीच ठरवावे.

सोड्याविषयी एक प्रयोग अवश्य करावा. हळद पाण्यात कालवून कागदास लावावी व वाळवावी. त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर रंग पिवळाच राहतो. सोड्याच्या पाण्याचा थेंब पडताच तो तांबूस होतो. सोडा तापला की त्यातून कर्बवायू व वाफ सुटते आणि पदार्थ फुगतो, परंतु मागे क्षार उरतो. म्हणून मुद्दाम एक गोळा चमचाभर जास्त सोडा घालून भाजावा. तो अधिक काळपट होतो, साबणासारखा कडवट लागतो, आणि त्याचा चुरा ओल्या हळदीच्या कागदावर ठेवल्यास तांबडे डाग उमटतात. ‘जास्त घातले म्हणजे जास्त चांगले’ हा समज खतापासून औषधापर्यंत सर्वत्र आढळतो. त्यावर बोलण्यास ही वेळ उत्तम.

दुसऱ्या खेपेस निम्मा मैदा वगळून दादरीचे पीठ घ्यावे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, आणि दादर तर खानदेशच्या काळ्या जमिनीचे रब्बीचे धान्य आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने गोळा लवकर तुटतो, तेव्हा चमचाभर दूध शिंपडावे. चव निराळी, खरपूस लागते. मात्र दादर घातली म्हणून साखर व तूप कमी झाले नाही, हे मुलांपासून लपवू नये. न्याहारी म्हणून भाकरी, शेंगदाण्याची चटणी व ताकाचा पेला यांच्या जागी नानकटाई बसत नाही. ती सणाची वस्तू आहे.

तूप महाग असल्याने हा खर्च मुलांवर टाकू नये. एका वर्गास वरील एकच प्रमाण पुरते. मुले अधिक असल्यास गोळे १० ग्रॅमचे करून ४४ करावेत. दोन नानकटाया मात्र खाण्यातून वगळून ठेवाव्यात : एक घट्ट झाकणाच्या डब्यात व एक उघड्या बशीत. चौथ्या दिवशी दोन्ही मोडून पाहाव्यात, तोलाव्यात आणि पहिल्या दिवसाच्या वजनाशेजारी नवे वजन वहीत लिहावे. पावसाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यास हवेतील दमटपणाचा पाठ वेगळा घेण्याची गरज उरत नाही.