निरोपाची भाषा : समाधीचे अभंग आणि वैद्यकीय इच्छापत्र

मरणाची सिद्धता मरणाऱ्याने करावी, त्याचा अर्थ मात्र मागे राहणाऱ्यांनी लावावा, हा भेद नामदेवांच्या ‘समाधी’ प्रकरणात ठळकपणे दिसतो. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. तिथी ठरलेली होती, भोवती संतमेळा होता. तरीही विरक्त निवृत्तिनाथांचा शोक त्या अभंगांत आवरलेला नाही. पूर्वसिद्धतेने शोक टळत नाही. त्याला सोबत लाभते, एवढेच.

अरुणा शानबाग यांना ही सिद्धता करताच आली नाही. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर अत्याचार झाला; पुढे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच जाणीव हरपलेल्या अवस्थेत होत्या. त्यांची इच्छा विचारणे शक्य नव्हते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. नाते ठरले ते शुश्रूषेने.

२०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता मिळाली. २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ झाली : दोन साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी आणि नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. दिल्लीच्या द्वारकेत, मुलांपासून दूर राहणाऱ्या मराठी वृद्धासही ते करता येईल. परंतु हा कागद मरणाऱ्याचा शब्द जपतो. मागे राहणाऱ्यांच्या तोंडी शब्द देत नाही. ते कार्य अभंगांनी केले. म्हणून इच्छापत्र स्वाक्षरीपूर्वी घरात मोठ्याने वाचले जावे. निरोपाचा आरंभ तेथेच होतो.