वीटभट्टीसाठी पंख्याची निवड

शहरे वाढतात तशी पक्क्या विटेची मागणी वाढते. हैदराबाद शहराभोवतीच्या रंगारेड्डी, संगारेड्डी व यादाद्री भुवनगिरी या जिल्ह्यांतील वीटभट्ट्या या मागणीवरच चालतात. पावसाळा सरला की ओडिशातील बलांगीर, नुआपाडा आदी जिल्ह्यांतील मजुरांची कुटुंबे या भट्ट्यांवर येतात आणि पुढील पावसाळ्यापर्यंत तेथेच राहतात. भट्टीचा धूर, राख व उष्णता यांच्या सान्निध्यात केवळ कामकरी माणसेच नव्हे, तर त्यांची मुलेबाळेही असतात. म्हणून भट्टीवर बसवावयाच्या यंत्रांचा विचार उत्पादनाबरोबरच सुरक्षिततेच्या दृष्टीनेही होणे अगत्याचे आहे.

केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने दिनांक २२ फेब्रुवारी २०२२ रोजी वीटभट्ट्यांसाठी अधिसूचना काढली. तीनुसार धुरातील कणांचे प्रमाण प्रति सामान्य घनमीटर २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. नवीन भट्टी झिगझॅग अथवा उभ्या पद्धतीची किंवा नळाद्वारे येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारी असावी, असेही तीत नमूद आहे. झिगझॅग भट्टीत विटांची मांडणी अशी करतात की, गरम वायू सरळ न जाता नागमोडी मार्गाने फिरतो. त्यामुळे जळण पूर्ण जळते व विटा सारख्या भाजतात. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात या पद्धतीचा भारतात पुरस्कार केला. लांबलेल्या वाटेतून धूर ओढून घेण्यास जोर अधिक लागतो. काही भट्ट्यांत तो उंच धुराड्यामुळे मिळतो, तर इतर भट्ट्यांत पंखा बसवावा लागतो. हा पंखा निवडताना केवळ किंमत व अश्वशक्ती पाहिली जाते, आणि तेथेच चूक होते.

उष्णता आणि उंची

पंख्याच्या पत्रकात दिलेला दाब सामान्यतः २० अंश सेल्सिअस तपमानाच्या व समुद्रसपाटीवरील हवेसाठी असतो. अशा एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. १२० अंशांवर तेच सुमारे ०.९ किलोग्रॅम होते. वायू जितका हलका, तितका पंख्याचा दाब कमी. म्हणजे पत्रकात ५० मिलिमीटर जलस्तंभाचा दाब देणारा पंखा १२० अंशांच्या धुरात जेमतेम ३७ मिलिमीटर दाब देईल. प्रत्यक्षात ५० मिलिमीटर हवे असतील, तर पत्रकात सुमारे ६७ मिलिमीटरचा पंखा पाहावा लागेल. शिवाय हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ आहे. तेवढी भर घातल्यास हा आकडा ७१ मिलिमीटरच्या आसपास जातो. मराठवाड्यासह दख्खनच्या पठारावरील इतर गावांनीही आपापल्या उंचीप्रमाणे हाच हिशेब करावा.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. भट्टी थंड असताना पंखा सुरू केला, तर जड हवेमुळे मोटारीवर नेहमीपेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक भार येतो. केवळ गरम धुराच्या हिशेबाने घेतलेली मोटार अशा वेळी जळू शकते. यासाठी मोटार थंड हवेचा भार पेलणारी असावी आणि पंखा सुरू करताना झडप बंद ठेवून ती हळूहळू उघडावी.

धूळ आणि पाती

भिंतीत बसवितात तो अक्षीय पंखा या कामास निरुपयोगी होय. त्याची मोटार वायूच्या प्रवाहातच असल्याने ती उष्णता व राख यांच्या तडाख्यात सापडते. भट्टीसाठी केंद्रोत्सारी पंखा घ्यावा. त्यातही पुढे वळलेल्या, आखूड व दाट पात्यांत राख अडकते. मागे वळलेली पाती वीज कमी खातात, परंतु ती तुलनेने स्वच्छ वायूला योग्य. राखमिश्रित धुरासाठी जाड पत्र्याची सरळ पातीच विश्वासार्ह ठरतात. त्यांच्यावर राख कमी साचते, आणि झिजलेले पाते बदलणेही सोपे जाते. पात्यांवर एकाच बाजूला राख साचली, की चाकाचा तोल जातो, पंखा थरथरू लागतो आणि अखेर बेअरिंग तुटते. म्हणून पंख्याच्या आवरणास तपासणीची खिडकी असणे आवश्यक आहे.

बेअरिंग धुराच्या प्रवाहाबाहेर असावे. आवरण व बेअरिंग यांच्यामध्ये दंडावर उष्णता फेकणारी तबकडी बसविलेली असावी आणि वंगण उष्णता सहन करणारे असावे. मोटार पूर्णपणे बंदिस्त, आयपी ५५ दर्जाची व १५५ अंश सोसणाऱ्या 'एफ' वर्गाच्या आवेष्टनाची घ्यावी. साधारण मोटार ४० अंशांपर्यंतच्या भोवतालच्या तपमानासाठी बनविलेली असते. या भागात उन्हाळ्यात सावलीतही पारा त्यापुढे जातो, हे विसरून चालणार नाही.

वेग वाढविण्याचा मोह

धूर नीट ओढला जात नाही असे दिसताच पुली बदलून पंख्याचा वेग वाढविण्याकडे कल असतो. वेग १० टक्के वाढविल्यास हवा १० टक्के वाढते. परंतु चाकावरील ताण २१ टक्के आणि लागणारी शक्ती ३३ टक्के वाढते. तापलेल्या पोलादाची ताकद आधीच घटलेली असल्याने चाक फुटण्याचा धोका संभवतो. निर्मात्याने आखून दिलेला कमाल वेग कधीही ओलांडू नये.

कामगारांचे संरक्षण

फिरत्या यंत्रांभोवती कुंपण असावे, हे बंधन कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने घातले. पट्टा, पुली व दंड यांना जाळीचे आवरण नसेल, तर साडीचा पदर, गमछा किंवा लहान मुलाचा हात क्षणात ओढला जातो. सफाईच्या वेळी वीज तोडून बटणास कुलूप लावावे. डिझेल इंजिन असल्यास पट्टा उतरवून ठेवावा. एवढ्याने भागत नाही. धुराड्याच्या ओढीने चाक आपोआपही फिरू शकते. त्यामुळे चाकास अडण लावल्याखेरीज आत हात घालू नये.

पंखा अचानक बंद पडला, तर धूर व त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भट्टीच्या माथ्यावर काम करणाऱ्यांकडे उलटतो. या वायूस वास नसतो. म्हणून पंखा थांबताच कोळसा टाकणे थांबवावे आणि माणसांनी खाली उतरावे, हा नियम प्रत्येकास ठाऊक असावा.

कामगारांवर वारा घालण्यासाठी पंखा ठेवताना तो राखेच्या ढिगाकडे तोंड करून नसावा. तसे केल्यास सिलिकायुक्त बारीक धूळ छातीत जाते व फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. हवेचे तपमान ४० अंशांहून कमी असेल तरच पंखा वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यापुढे पंख्याचा वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवितो. अशा वेळी सावली, पिण्याचे पाणी व कामाच्या वेळेत बदल हेच खरे उपाय होत.

मागणी नोंदविताना

पंख्याची मागणी नोंदविताना पुढील माहिती लेखी द्यावी :

१. ताशी किती घनमीटर धूर ओढावयाचा आहे.
२. धुराचे नेहमीचे व कमाल तपमान.
३. प्रत्यक्ष तपमानास हवा असलेला दाब.
४. गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची.
५. जळणाचा प्रकार व राखेचे प्रमाण.
६. जाळी, तपासणीची खिडकी व कुलुपाचे बटण यांची स्पष्ट मागणी.

ही माहिती न विचारता पंखा देऊ करणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी न करणेच श्रेयस्कर. पंखा स्वस्तात मिळाला, तरी चुकीच्या निवडीची किंमत जळलेली मोटार व कच्च्या विटा यांच्या रूपाने मालकाला मोजावी लागते. आणि पुष्कळदा ती कामगाराच्या हातापायांनी किंवा श्वासानेही चुकती होते.