गाडीची खरी किंमत

मुलांनो, स्कूटरवर दाटीवाटीने बसून जाणारे कुटुंब पाहून रतन टाटा यांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. 2008 साली त्यांनी दिल्लीत ‘नॅनो’ ही छोटी मोटार दाखवली. किंमत सांगितली एक लाख रुपये. पण त्या लाखात कर व वाहतूक खर्च धरलेला नव्हता. नोंदणी आणि विमा यांचे पैसेही वेगळे होते. पुढे पेट्रोल व दुरुस्ती आलीच; कर्ज काढले तर व्याजही आले.

आता नॅनो तयार होत नाही, पण हिशेब तोच आहे. एकूण खर्च किती आणि उपयोग किती, हे दोन्ही पाहा. पावसात चौघांना कोरडे घरी आणणारी गाडी मोलाची. नुसती दारात उभी राहणारी महागच!