वेळेची कीर्द

चि. माधव यास,

दिवस कोठे जातो ते कळत नाही, ही तुझी तक्रार वाचली आणि तिच्यासोबत पाठविलेले, पाव-पाव तासाचे रकाने पाडलेले वेळापत्रकही पाहिले. ते सुबक आहे, परंतु आठवडाभर टिकेल असे वाटत नाही. कारण काय व्हावे याचा तो संकल्प आहे, आणि तुझ्यापाशी वाण आहे ती काय झाले याच्या हिशेबाची.

आपल्या जुन्या दप्तरांत रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज ही कामे निरनिराळी असत : घडेल त्या क्रमाने नोंद, मग बाबवार वाटणी, आणि अखेरीस गोषवारा. तू तिन्ही एकाच रात्री उरकू पाहतोस, म्हणून कंटाळतोस. रोज केवळ कीर्द लिही. काम पालटले की घड्याळ पाहून तेथल्या तेथे एक ओळ. बाबी पाच-सहांहून अधिक नकोत. खतावणी रविवारी, तेरीज महिनाअखेर.

रशियातील कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव यांनी १९१६ साली आरंभिलेली अशी नोंद, राज्यक्रांती आणि महायुद्ध यांच्या धामधुमीतूनही, १९७२ मध्ये देहावसान होईपर्यंत चालविली. पुढे दानील ग्रानिन यांच्या पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली. विषय, केलेले काम आणि लागलेले तास-मिनिटे, एवढाच तिचा मजकूर. मध्ये आलेले व्यत्यय वजा करून उरे तेवढाच वेळ ल्युबिश्चेव कामाच्या खाती जमा धरीत. पश्चात्तापाला वा आत्मस्तुतीला तीत जागाच नव्हती, आणि माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य या कोरडेपणातच आहे. कारण जी वही रोज आपली निर्भर्त्सना करते, ती उघडण्याचे धैर्य फार दिवस टिकत नाही.

तेव्हा गप्पांना गप्पा म्हण. तेथे ‘विचारविनिमय’ लिहिलेस, की सारा जमाखर्च खोटा पडलाच म्हणून समज. (कचेरीतील अहवालांत ही विद्या तू पुढे शिकशीलच.) एखादा प्रहर नोंदवायचा राहिला तर रात्री आठवून तो रचू नकोस, कोरा सोड; आणि ताप, प्रवास वा लग्नकार्य यांमुळे खाडा पडला, तर मागील बाकी भरून काढण्याच्या भरीस न पडता, आठवेल त्या घटकेपासून पुढे लिही. निद्रा आणि भोजन मांडताना संकोच नको.

दिवाळीस येशील तेव्हा आश्विनाची तेरीज घेऊन ये. कीर्द मात्र मला दाखवू नकोस. कोणी पाहणार आहे असे मनात आले, की लेखणी सजवू लागते.

तुझा,
काका