भूकंपसुरक्षेचा कायदा आणि ग्रामपंचायत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांतील किल्लारी-सास्तूर परिसर ६.२ क्षमतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे ८,००० माणसे दगावली. तोपर्यंत हा प्रदेश देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानला जात असे. बीड जिल्ह्याचे अंबाजोगाई व केज हे तालुके याच जिल्ह्यांना लागून आहेत आणि जुन्या घरांची बांधणीही तशीच आहे. किल्लारीचा धडा म्हणूनच बीडलाही लागू पडतो.

घरे का कोसळली?

मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतीचे आतील व बाहेरील थर सांधणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. धक्का बसताच थर सुटले, भिंती ढासळल्या आणि झोपेतील माणसे दगडमातीखाली गाडली गेली.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. याच अधिनियमाचे कलम ४१ स्थानिक संस्थांवर, म्हणजे पंचायतींवरही, आपल्या क्षेत्रातील बांधकामे विहित मानकांनुसार होतील हे पाहण्याची जबाबदारी टाकते. दगडमातीच्या घरांसाठी भारतीय मानक १३८२८ हे १९९३ पासून उपलब्ध आहे. तथापि मानक हे मार्गदर्शक असते. परवानगीच्या नियमांत त्याचा समावेश झाला तरच ते बंधनकारक ठरते. २०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांची तरतूद झाली. खेड्यांच्या बाबतीतही नियम तितकेच स्पष्ट व्हावयास हवेत.

नियमांत काय असावे?

ग्रामपंचायतीने परवानगी देताना वा बांधकामाची नोंद घेताना पुढील बाबी तपासाव्यात, अशी तरतूद इष्ट ठरेल :

१. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड असावेत.

२. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीस सर्व भिंतींवरून सलग सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा असावा.

३. माळवदावर दरवर्षी मातीचे नवे थर चढवू नयेत.

४. शाळा, अंगणवाडी व आरोग्य केंद्र यांची तपासणी प्रथम व्हावी.

नियम होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ग्रामसभेने ठराव करावा, अभियंत्यांनी गवंड्यांना प्रत्यक्ष बांधकामावर शिकवावे, शिक्षकांनी मुलांकडून सराव करून घ्यावा. भूकंप टाळता येत नाही. परंतु घर कोसळणे बहुतांशी टाळता येते.