हिवाळा लागण्यापूर्वी

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये १३:१३; १५:३६-४१; कलस्सै ४:१०; २ तीमथ्य ४:९-२१

पाठाचा मुख्य विचार : क्षमा ही केवळ मनात ठेवण्याची भावना नाही. ती वेळेत, शब्दांत आणि कृतीत पोहोचवावी लागते.



डिसेंबर लागला की आपल्या बीदरच्या पठारावर थंडीला धार येते. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. त्यामुळे कर्नाटकातील थंडीची बातमी आली की बीदरचे नाव बहुधा त्यात असतेच. कलबुर्गीकडे तुरीची कापणी चालू असते, पहाटे गावोगाव शेकोट्या पेटतात आणि मंडळ्यांमध्ये नाताळाची तयारी सुरू होते. याच दिवसांत दूर गेलेली मुले घरी येतात, आणि जी येत नाहीत त्यांची रिकामी जागाही याच दिवसांत अधिक जाणवते. म्हणून या महिन्याच्या अभ्यासासाठी आपण पवित्र शास्त्रातील एक हिवाळा व त्या हिवाळ्याच्या तोंडाशी मिटलेले एक जुने भांडण घेऊ.

१. भांडण घरातलेच होते

योहान, ज्याला मार्क म्हणत, हा यरुशलेमेतील मरीया नावाच्या बाईचा मुलगा. तिच्या घरी विश्वासणारे प्रार्थनेला जमत (प्रे. कृत्ये १२:१२). बर्णबा हा मार्काचा भाऊबंद होता (कलस्सै ४:१०). इ.स. ४७ च्या सुमारास पौल व बर्णबा पहिल्या सुवार्ताफेरीस निघाले तेव्हा त्यांनी या तरुणाला मदतनीस म्हणून बरोबर घेतले. कुप्र बेट पार करून ते पंफुल्यातील पिर्गा येथे पोहोचले आणि तेथून मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला. तो का गेला हे लूक लिहीत नाही. पुढे डोंगराळ व धोक्याची वाट होती. तो भ्याला असेल, आजारी पडला असेल किंवा त्याला आईची आठवण झाली असेल. शास्त्र गप्प आहे, म्हणून आपणही त्याच्यावर आरोपपत्र रचू नये.

काही वर्षांनी दुसऱ्या फेरीची वेळ आली. बर्णबा म्हणाला, मार्काला घेऊ. पौल म्हणाला, ज्याने काम अर्धे टाकले त्याला नको. दोघांत इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, तर पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकियातून निघाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पौल नुकताच प्रभूकडे वळला होता तेव्हा यरुशलेमेतील शिष्य त्याला भीत होते. त्याने मंडळीचा छळ केला होता, स्तेफनाच्या वधाला त्याची संमती होती. त्या वेळी त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेणारा आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस हाच बर्णबा होता (प्रे. कृत्ये ९:२६-२७). एकदा बर्णबाच्या शब्दावर पौलाला मंडळीत जागा मिळाली. आता त्याच बर्णबाचा शब्द मार्कासाठी पौलाला पुरेसा वाटेना. आपल्याला मिळालेली क्षमा आपण किती लवकर विसरतो! पवित्र शास्त्र आपल्या थोर पुरुषांचेही दोष झाकत नाही, हा त्याच्या खरेपणाचा एक पुरावाच आहे.

२. दोषाचे ओझे

मार्काला अंत्युखियातील हा वाद नक्कीच कळला असणार. आपल्या एका चुकीमुळे दोन देवमाणसे तुटली, हे ओझे काही लहान नव्हे. दोषी माणसाला शिक्षेपेक्षाही जड वाटते ती एक गोष्ट : आपल्यामुळे दुसऱ्यांची घरे दुभंगली, ही जाणीव. असा माणूस मग नातेवाइकांच्या लग्नाला येत नाही, सणाला येत नाही. उपासनेस आला तरी मागच्या रांगेत बसतो आणि शेवटचे गीत संपण्यापूर्वी बाहेर पडतो. लोक म्हणतात, तो गर्विष्ठ झाला. खरे तर तो लाजेने वाकलेला असतो.

पौल स्वतः करिंथकरांना लिहितो की दोषी माणसाला आता क्षमा करा व धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:७). दुःखाचे काम माणसाला वळवण्याचे आहे, बुडवण्याचे नव्हे.

मार्क बुडाला नाही, कारण बर्णबाने त्याला धरून ठेवले. पेत्रही पुढे त्याला आपला मुलगा म्हणतो (१ पेत्र ५:१३). पडलेल्या माणसाला मंडळीत निदान एक बर्णबा मिळाला पाहिजे. आपल्या मंडळीत तो कोण आहे?

३. तुरुंगातली थंडी

आता पंधराहून अधिक वर्षे पुढे या. मंडळीच्या जुन्या परंपरेप्रमाणे नीरो बादशहाच्या राज्यात, रोम शहरात, पौल शेवटच्या बंदिवासात आहे. देमास त्याला सोडून गेला आहे. तुखिकाला त्याने इफिसास पाठवले आहे. जवळ एकटा लूक आहे. तो तीमथ्याला पत्र लिहितो आणि तीन गोष्टी मागतो : त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके व चर्मपत्रे, आणि मार्क.

झगा म्हणजे प्रवासात पांघरण्याचे जाड वस्त्र, आपल्याकडे धनगरांची घोंगडी असते त्या उपयोगाचे. म्हाताऱ्या कैद्याला थंडीची काळजी पडली होती. शिवाय हिवाळा लागण्याआधी निघून येण्याविषयी तो मुद्दाम सांगतो (४:२१). त्याचे कारण समुद्र. रोमी काळात साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत भूमध्य समुद्रावरील जहाजांची ये-जा बहुतेक बंद असे. उशिरा निघालेल्या जहाजाचे काय होते हे पौलाने स्वतः भोगले होते. त्याचे जहाज मलिता बेटापाशी फुटले, पावसात व थंडीत तेथील लोकांनी शेकोटी पेटवली म्हणून जीव सावरले, आणि तीन महिने तेथेच अडकून राहावे लागले (प्रे. कृत्ये २७-२८). तीमथ्य हंगाम चुकवील, तर भेट वसंतावर जाईल, आणि वसंतापर्यंत आपण राहू की नाही याची पौलाला खात्री नव्हती.

तीमथ्य हिवाळ्याआधी पोहोचला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण पौलाच्या बाजूने जे करायचे होते ते त्याने वेळेत केले.

४. पौलाच्या क्षमेचा नमुना

पहिली गोष्ट, त्याने उघडपणे क्षमा केली. मार्काला नाकारल्याची वार्ता मंडळ्यांत पसरली असणार. म्हणूनच कलस्सैकरांना तो लिहितो की मार्क तुमच्याकडे आला तर त्याचे स्वागत करा. दोष चारचौघांत आणि क्षमा मात्र कोपऱ्यात, असा व्यवहार पौल करीत नाही. ज्याची अब्रू आपण चावडीवर काढली त्याला बंद दाराआड मिठी मारून भागत नाही.

दुसरी गोष्ट, त्याने काम परत दिले. मार्क सेवेसाठी आपल्याला उपयोगी आहे, असे तो लिहितो (४:११). ज्या कामात मार्क चुकला तेच काम! "क्षमा केली, पण आता तुझ्यावर काही सोपवणार नाही" ही अर्धी क्षमा होय.

तिसरी गोष्ट, त्याने गरजवंताची जागा घेतली. क्षमा करणारा पुष्कळदा उंच ओट्यावर बसून क्षमा करतो. पौल म्हणतो, मला त्याची गरज आहे, त्याला घेऊन ये. असा निरोप ऐकल्यावर कोणाची मान ताठ होणार नाही?

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. पौलाच्या पहिल्या सुनावणीच्या वेळी सर्वांनी त्याला सोडले, आणि तो प्रार्थना करतो की हे त्यांच्याकडे दोष म्हणून मोजले जाऊ नये (४:१६). ऐन वेळी सोडून जाणे हाच तर मार्काचा अपराध होता! ज्या अपराधाचा हिशेब पौलाने पूर्वी ठेवला, तोच अपराध रोममध्ये अनेकांनी केला असता तो वही मिटतो. इतक्या वर्षांत मार्क बदलला, तसा पौलही कृपेने बदलला होता.

५. आपल्या मराठी मंडळीतील एक घर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हती. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात हे पतीच्या मृत्यूहून कमी दुःखाचे नव्हते. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने, पुष्कळशी पंढरपुरात काढली. नंतर त्या मुलासह नगरला आल्या; तरी त्यांनी आपले सोवळे व वेगळा स्वयंपाक चालू ठेवला, आणि टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. १९०० साली राहुरीस लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या स्वतःच्या मनाने.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा तापटपणा व लहरीपणा मुळीच लपवलेला नाही. पण त्या लिहिण्यात विष नाही, हसू आहे. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले. ज्याने आपल्याला एवढे दुःख दिले त्याचे काम आपल्या हातांनी पुरे करणे, यापेक्षा क्षमेचा मोठा पुरावा कोणता द्यावा? आणि दुसऱ्या बाजूने पाहा : ज्याच्याकडून दुःख झाले त्याने घाई केली नाही, वाट पाहिली. दोषी माणसाने क्षमेची मागणी करावी, वसुली करू नये.

६. क्षमा म्हणजे काय नव्हे

याच अध्यायात पौल आलेक्सांद्र तांबटाविषयी लिहितो. त्याचा न्याय तो प्रभूवर सोपवतो, पण तीमथ्याला त्याच्यापासून सावध राहण्यासही सांगतो (४:१४-१५). म्हणजे सूड सोडणे आणि सावधपणा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासरी मारहाण होणाऱ्या लेकीला "क्षमा कर" म्हणून त्याच घरी परत धाडणे ही क्षमा नव्हे, तो अन्याय आहे. बहिणीचा वाटा दाबून तिच्याकडून क्षमेची अपेक्षा धरणे हेही शास्त्राला धरून नाही. जक्कयाने घेतलेले चौपट परत केले (लूक १९:८). ज्याला परत करता येते त्याने आधी परत करावे.

७. आपला हिवाळा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरीक मात्र दोन्हीकडे पसरलेली राहिली. आज भालकीहून उदगीरला जायला समुद्र ओलांडावा लागत नाही. एस.टी. आहे, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी बांधाच्या एका सरीवरून, आईच्या आजारपणातील खर्चावरून, मुलाने आपल्या मनाने केलेल्या लग्नावरून दोन भाऊ दहा-दहा वर्षे बोलत नाहीत. एकाच मंदिरात ते दोन बाजूंना बसतात आणि एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात. मग एक दिवस निरोप येतो, आणि भाऊ तिरडीपाशी उभा राहून मोठ्याने रडतो. ते रडणे खरे असते, पण जहाजे तोपर्यंत बंद झालेली असतात.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी

लहान मुलांना मार्काची गोष्ट पिर्ग्यापासून रोमपर्यंत क्रमाने सांगा. झग्याच्या जागी घोंगडी दाखवलीत तरी चालेल. मोठ्या वर्गात पुढील प्रश्न घ्या.

१. मार्काच्या बाबतीत पौल बरोबर होता की बर्णबा? दोघांच्या बाजूने एकेक कारण सांगा.
२. कलस्सै ४:१० मधील शिफारस मार्काला किती महत्त्वाची वाटली असेल?
३. क्षमा करणे व सावध राहणे यांत फरक कोणता?
४. तीमथ्याप्रमाणे दोघांमधला निरोप नेण्याचे काम आपल्यापैकी कोणाला करता येईल?

वर्षाच्या शेवटच्या रात्री आपण जागरणाच्या उपासनेत गुडघे टेकू. त्याआधी प्रत्येकाने एक नाव आठवावे आणि त्या माणसाकडे जावे. जाणे शक्य नसेल तर निरोप पाठवावा. ज्या प्रभूने आपण शत्रू असताना आपल्याशी समेट केला, तो त्या निरोपाबरोबर चालो. आमेन.