विषाची पारख : वायु-वर्णलेखन आणि स्वयंचलित प्रयोगशाळा

जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत आणि जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने प्रत्येक वेळी शंभराहून अधिक माणसे दगावली. दोन्ही ठिकाणी घात केला तो मिथिल अल्कोहॉलने. हा पदार्थ पाण्यासारखा रंगहीन असून नेहमीच्या दारूतील एथिल अल्कोहॉलपासून वासाने वा चवीने खात्रीपूर्वक ओळखता येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. हे घडण्यास काही तास लागतात. म्हणूनच वेळीच झालेले निदान मोलाचे ठरते.

हे निदान प्रयोगशाळेत वायु-वर्णलेखनाने, म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफीने होते. वर्णलेखनाची मूळ कल्पना रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांची. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळी केली. पुढे १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी द्रवाऐवजी वायूच्या प्रवाहाने हे काम साधले. बाहेर पडणारी आम्ले मोजून त्यांची नोंद आपोआप करणारी ब्युरेटही त्यांनी योजिली होती. म्हणजे स्वयंचलन या विद्येच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कृती पाहू. रुग्णाचे थोडे रक्त लहान बाटलीत घालून ती घट्ट बंद करतात व ऊन करतात. अल्कोहॉलची वाफ रक्तावरील पोकळीत जमते. तिचा अल्प अंश एका लांब, केसासारख्या बारीक नळीत सोडतात. नळीच्या आतील बाजूस विशिष्ट पदार्थाचा लेप असतो आणि तीतून हेलियमसारखा वायू वाहत असतो. जत्रेत दुकानोदुकानी थांबणारा माणूस मागे राहतो आणि न थांबणारा पुढे जातो. तसेच लेपाशी कमी रेंगाळणारे मिथिल अल्कोहॉल आधी बाहेर येते, एथिल मागून येते. टोकाशी हायड्रोजनची ज्योत असते. तीत पदार्थ जळताच विजेचा सूक्ष्म प्रवाह वाढतो व कागदावर शिखर उमटते. शिखराची वेळ पदार्थ सुचविते, क्षेत्रफळ प्रमाण सांगते.

पूर्वी प्रत्येक नमुना माणूस पिचकारीने सोडीत असे. आता तबकडीत मांडलेल्या बाटल्या यंत्र स्वतः क्रमाने उचलते, सारखाच वेळ तापविते आणि रात्रभर न थकता नोंदी करते. शेकडो रुग्ण एकदम आले असता याचे महत्त्व कळते. परंतु बाटलीवरील चिठ्ठी चुकली तर यंत्रास ते कळत नाही. म्हणून नमुन्यांच्या मध्ये माहीत प्रमाणाची द्रावणे व कोऱ्या बाटल्या ठेवतात, आणि निष्कर्ष वेगळ्या लेपाच्या दुसऱ्या नळीवर पडताळतात. कारण दोन पदार्थ एकाच वेळी बाहेर येणे अशक्य नसते.

वाचकांनी एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी. अशी शंका येताच, दृष्टी अंधुक होण्याची वाट न पाहता, रुग्णास रुग्णालयात न्यावे व उरलेली बाटली सोबत द्यावी. उतारा देणे व रक्तशुद्धीकरण हे उपाय डॉक्टर अहवालापूर्वीही सुरू करू शकतात. यंत्र विष ओळखील. पण रुग्णाला वेळेवर दारापर्यंत पोचविणे हे आपल्याच हाती आहे.